नकाशाच्या घडीवरची चिकटपट्टी

मुलुंडला राहणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही आणि मी, आम्ही दोघेही वाळवंटातल्या जुन्या प्रवासवर्णनांचे संग्राहक. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आयुष्यभर आरेखकाची नोकरी केलेले. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडच्या एका दुर्मीळ ग्रंथाच्या मागच्या पुठ्ठ्यात, कापडी खिशात, घडीचा नकाशा होता: अरबस्तानातला उंटांचा मार्ग आणि त्यावरच्या विहिरींची नावे. तोच ग्रंथ माझ्याकडेही होता, पण नकाशावाचून. म्हणजे आमच्या लेखी अपुरा.

दादा तो नकाशा वर्षातून एकदाच उघडत. दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या पाटावर तो ग्रंथ मांडायचा आणि पूजा झाली की घड्या उलगडायच्या. एरवी खिशाला हात लावायचा नाही.

गेल्या श्रावणात मी नकाशाची प्रत काढण्यासाठी तो ग्रंथ मागितला. त्यांनी तोवर तो कोणालाही दिला नव्हता, मला दिला. अंधेरीतल्या दुकानात यंत्राच्या काचेवर नकाशा सपाट बसेना. हवा दमट होती, कागद मऊ पडला होता. दुकानदार "थांबा, थांबा" म्हणत असताना मी तळव्याने दाब दिला आणि मधली घडी वीतभर फाटली.

गल्ल्यावर पारदर्शक चिकटपट्टी पडली होती. तिचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि अक्षरे गिळतो, हे मीच अनेकांना तावातावाने सांगत आलो आहे. तरीही मी ती लावली. दुसऱ्या दिवशी ग्रंथ परत केला.

"झालं काम?" दादांनी विचारले.

"झालं," मी म्हणालो.

नंतरचे आठवडे मी एक वाक्य घोटत राहिलो: घडी मुळातच विरलेली होती, पट्टी दुकानदारानेच परस्पर लावली. त्यांनी ते मानले असते; याचीच मला अधिक भीती वाटे. आणि इकडे गोंद रोज थोडा खोल जात होता.

दसऱ्याला मी बोरीवलीहून सकाळीच निघालो. दार वहिनींनी उघडले.

"अहो भावजी, सोनं संध्याकाळी लुटतात. तुम्ही तर सकाळीच आलात लुटायला!"

मला हसता आले नाही. आत दादा पाटावर ग्रंथ मांडत होते.

"आलास? बरं झालं. यंदा नकाशा तूच उलगड रे. माझी बोटं थरथरतात हल्ली."

ग्रंथ त्यांनी माझ्यापुढे धरला. घोटलेले वाक्य ओठांवर होते.

"दादा, आधी ऐका. नकाशा माझ्या हातून फाटलाय. दुकानात. आणि त्यावर मी पट्टी लावली."

"कसली पट्टी?"

"चिकटपट्टी."

"तू?"

त्यांनी ग्रंथ मागे घेतला, चष्मा चढवला आणि नकाशा स्वतःच उलगडला. प्रत्येक घडीला बोटे अडखळत होती. मदतीला पुढे होण्याचे धैर्य मला झाले नाही. पट्टी पिवळी पडू लागली होती.

"कागद फाटतो रे," ते म्हणाले. "तसाच आणून दिला असतास तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा पाजला असता. पट्टी कशाला? मला कळू नये म्हणूनच ना?"

"हो."

वहिनी पूजेचे ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. "आधी पूजा करून घ्या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग काय ते बोला."

भरपाई म्हणून माझा ग्रंथ दादांनी ठेवून घ्यावा, असे मी सुचवले.

"तुझा तुझ्यापाशी ठेव. त्यात नकाशा कुठाय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही जुन्या कागदांची डागडुजी करणाऱ्या एका बाईंकडे घाटकोपरला गेलो. रिक्षात ग्रंथ दादांच्या मांडीवर होता. बाईंनी पट्टीचे टोक भिंगाखाली पाहिले. पट्टी निघेल, म्हणाल्या, पण दोन विहिरींची नावे बहुधा जातील. लगेच आणला असता तर डागही राहिला नसता.

"लावली कोणी?" त्यांनी सहज विचारले.

दादा खिडकीबाहेर पाहत राहिले. "मी," मी सांगितले.