अध्यक्षांचा खून

खून ही मानवी आयुष्यातली सर्वांत गंभीर घटना आहे. निदान इंग्रजी खेड्यांतल्या खुनांच्या मालिका पाहू लागेपर्यंत मी तसं मानत होतो. तिथे पाद्री मरतो आणि फुलांचं प्रदर्शन ठरल्या वेळी भरतं.

सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको पुरावे बघते, मी नटमंडळी बघतो. ओळखीचा चेहरा माळ्याच्या चिमुकल्या कामात दिसला की खुनी तोच. एवढ्या मोठ्या नटाला नुसती कुंपणं कापायला कोण बोलावतं?

“तू गोष्ट बघतच नाहीस,” ती म्हणते, “मानधन बघतोस.”

याच साच्यातलं नाटक तिने आमच्या मराठी मंडळासाठी लिहिलं. तिथे वर्षानुवर्षं अंताक्षरीच व्हायची. समितीने तिला एक संधी दिली: जमलं तर पुढेही नाटक, फसलं तर पुन्हा अंताक्षरी. पात्रं मात्र ज्येष्ठतेनुसार वाटली गेली. अध्यक्षांनी संहिता वाचली आणि प्रेताची भूमिका मागितली.

“अहो वहिनी, सगळे शेवटपर्यंत त्याच्याबद्दलच बोलतात ना? मग तो मीच.”

प्रयोगाच्या दिवशी मी पडद्याच्या दोरीपाशी होतो. अध्यक्ष गालिच्यावर पालथे मरून पडले होते आणि इन्स्पेक्टर झालेली बायको माळ्याची उलटतपासणी घेत होती. तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि प्रमुख पाहुणे उशिरा आत शिरले. आमच्याकडे पाहुण्यांना शाल-श्रीफळ अध्यक्षच देतात.

प्रेत उठलं.

मला दोरी ओढायचंही सुचलं नाही. पाठीतल्या सुऱ्यासकट प्रेत पायऱ्या उतरलं, त्याने पाहुण्यांना शाल घातली, नारळ दिला, मग ते फोटोसाठी थांबलं, आणि परत येऊन गालिच्याच्या भलत्याच टोकाला मेलं.

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. “प्रेत कुणीतरी हलवलंय,” ती अखेर म्हणाली. “तू हलवलंस?”

“नाही बाईसाहेब,” माळी खरोखरच घाबरला होता. “ते आपले आपणच गेले.”

मी प्रेक्षकांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. कुणाला धक्काही बसला नव्हता. पाहुण्यांसाठी टाळ्या चालू होत्या.

विंगेत आल्यावर तिने टोपी काढून खुर्चीवर आपटली. “संपलं. आता जन्मभर अंताक्षरी.”



समितीने पुढच्या वर्षीही नाटकच ठरवलं. या प्रयोगाबद्दल एकच तक्रार आली होती: बटाटेवडे थंड होते.