गिरणीचा खोकला

आमच्या गिरणीत खोकल्याला कुणी खोकला म्हणत नाही. वडिलांच्या मागं तेर गावातली ही पिठाची गिरणी मीच चालवतोय. सकाळी शटर वर केलं, पट्टा चढवला, की तासाभरात भुवया पांढऱ्या, नाकात पीठ, घशात पीठ. वडील खोकायचे, मी खोकतो, दळण न्यायला आलेल्या बायाही डबा डोक्यावर घेता घेता खोकतात. याला काय आजार म्हणायचं? मग चुलीपुढं डोळे चोळणाऱ्या बाईलाही आजारीच म्हणा की!

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी वारल्यावर माहेरी आली. दाजी कशानं गेले ते तिच्या सासरच्यांनी धड सांगितलं नाही. कावीळ म्हणाले. पुढं वर्षभरात अक्का वाळत चालली, तिचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की एचआयव्ही आहे. त्या दिवशी मी लई शिव्या दिल्या. मेलेल्या दाजींना दिल्या, जिवंत सासऱ्याला दिल्या, लग्न जमवणाऱ्या मामालाही सोडलं नाही. अक्का भिंतीला टेकून नुसती बसली होती. आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि ऐकायचं तिचं, हे लहानपणापासूनच ठरून गेलेलं. गावात कुणाला सांगितलं नाही. घरात मला आणि बायकोला तेवढं माहीत.

दिवसभर घरात बसून डोकं फिरेल म्हणून अक्का गिरणीत येऊ लागली. डबे ओळीनं लावायचे, कुणाला बारीक लागतं, कुणाला जाडसर, ते ध्यानात ठेवायचं. तिला ते कधी चुकायचं नाही. आणि गिरणीत बसल्यावर सगळे खोकतात तशी तीही खोकायची.

गोळ्या सुरू करायच्या म्हणून मी तिला धाराशिवला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. बाहेर बाकड्यांवर माणसं दाटून बसलेली. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी रुमाल तोंडाला बांधून होतो. आमचा नंबर लागला. आत समुपदेशन करणारी बाई होती, वागायला चांगली. तिनं अक्काकडं बघून विचारलं, "खोकला येतो का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"ताप?"

"न्हाय."

"वजन कमी झालंय?"

"अवो, नवरा गेल्यावर बाई वाळणारच की."

"रात्री घाम येतो?"

"जाड वाकळ घेऊन झोपती. घाम येणारच."

बाईनं पुन्हा अक्काकडं बघितलं. "ताई, तुम्ही सांगा. ह्यातलं काही होतं का?" अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही. बाईनं लिहून घेतलं. तेरची एसटी सुटायच्या आत आम्ही स्टँडवर होतो, आणि काम पटापट उरकलं म्हणून मी खुशीत होतो. खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही ठामपणे वाटत नाही. गिरणीचा खोकला हा खोकला नसतोच, मग हो कशाला म्हणू?

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस बरे गेले. अक्का एक भाकरी जास्त खाऊ लागली. बायको म्हणाली, "वन्संच्या तोंडावर जरा तेज आलंय." आणि तिसऱ्या आठवड्यात अक्काला सणकून ताप भरला. गळ्याच्या एका बाजूला सुपारीएवढी गाठ आली, बघता बघता ती लिंबाएवढी झाली. घास गिळवेना. पिठाचा डबा उचलायला गेली आणि डब्यासकट खाली बसली.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. गोळ्या घ्यायच्या आधी बाई चालत-फिरत होती आणि गोळ्यांनी आडवी केली! दुसरं काय समजणार? बायकोही म्हणाली, औषध उष्ण पडलं. मी अक्काच्या हातातली गोळ्यांची बाटली काढून घेतली आणि गिरणीत मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर, उंच ठेवून दिली. "बंद! एक गोळी घ्यायची न्हाय," म्हणालो. चार दिवस गोळ्या बंद होत्या. ताप काही उतरला नाही. पाचव्या दिवशी ती उठून बसेना, तेव्हा मी ओळखीच्याची जीप केली, बाटली खिशात घातली आणि धाराशिवला निघालो. अक्काला दाखवायला म्हणून निघालो हे खरं, पण वाटेत सगळा वेळ डॉक्टरला काय काय सुनवायचं तेच जुळवत होतो.

डॉक्टर म्हणजे माझ्या पोरीच्या वयाची मुलगी. तिच्या टेबलावर मी बाटली आपटली. "काय दिलं तुमी माझ्या बहिणीला? मारायचा विचार आहे का?" तिनं बाटली बघितली, अक्काचा गळा बघितला, आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर थांबा." मी म्हणालो, तिला बोलता येत न्हाय नीट, मीच सांगतो सगळं. ती म्हणाली, "बाहेर."

बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, खोकला कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून." आवाज बारीक, पण अडखळली नाही. "गिरणीचा येगळा असतो, बाई. तो दिसा येतो, पाणी पिलं की बसतो. ह्यो पहाटं येतो, बसत न्हाय. दोनदा लाल पडलं. रातच्याला पोलकं पिळून काढावं इतका घाम. ताप बी यायचा सांजच्याला."

मी पडद्याला हात लावून उभा होतो. दिवाळीपासून! एकाच घरात राहतो आम्ही.

डॉक्टरनं विचारलं, "मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तुम्हाला विचारलं होतं ना?"

"इचारलं व्हतं की."

"मग?"

"भाऊ न्हाय म्हणला व्हता. चार लोकांत भावाला खोटं कसं पाडू?"

मला तिथंच जमिनीनं गिळावं असं झालं. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मारलेलं नाही, आणि मारणारीला तिनं मारलंय हे कळलंही नाही.

थुंकी तपासली, गाठीतलं पाणी सुईनं काढून तपासलं. टीबी. डॉक्टरनं मग मला आत बोलावून समजावलं. टीबी आधीपासूनच अंगात होता, पण शरीरात त्याच्याशी लढायची ताकदच नव्हती, म्हणून तो गुपचूप पसरत होता. एचआयव्हीच्या गोळ्यांनी ताकद परत आली आणि शरीर टीबीवर तुटून पडलं. गाठ त्या भांडणाची, भडकलेला तापही त्याच भांडणाचा. "औषधानं बिघडलं नव्हतं, काका. औषध लागू पडत होतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बंद केलं." मला कुठं बघावं कळेना. मी उगाच बाटलीवरचं पीठ पुसत बसलो.

अक्का दोन आठवडे दवाखान्यात होती. पहिले सहा दिवस डॉक्टर काहीच धड सांगत नव्हती, बघू म्हणायची. टीबीच्या गोळ्या आधी सुरू केल्या, मागोमाग त्या दुसऱ्याही. आम्हा घरच्यांचीही तपासणी झाली. माझी छाती साफ निघाली. त्याचीही मला लाजच वाटली. सातव्या दिवशी ताप उतरला आणि अक्कानं ज्वारीची आंबील मागितली.

टीबीच्या गोळ्या सहा महिने चालल्या, संपल्या. दुसऱ्या गोळ्या कायमच्या आहेत. गाठीच्या जागी आता नुसता वळ राहिलाय. दर महिन्याला मी अक्काबरोबर जात होतो, आत गेलं की जीभ दाताखाली धरून बसत होतो. दोन-तीनदा तरी सुटलीच.

गेल्या महिन्यात दवाखान्याला जायचं म्हणून आम्ही तेरच्या स्टँडवर आलो. धाराशिवची गाडी लागली. मी पुढं घुसून रुमाल टाकून जागा धरली, अक्काला खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसलो. ती म्हणाली, "तू उतर."

"का? काय झालं?"

"म्या एकटी जाते."

"एकटी? अन् तिथं काय विचारलं तर?"

"सांगीन की." तिनं माझा रुमाल घडी करून माझ्या हातात दिला. "राग धरू नको. तू जवळ असलास की म्या गप बसते. अन् गप बसून म्या मरत व्हते रं."

कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरलो.