मुराळ्याच्या गाडीत गार वारा

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आपल्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली तो काळा डबा कसला? तो एसी आहे. गाडी बावीस वर्षांची, एसी दोन वर्षांचा. आपल्याच राजुरीच्या कांद्याच्या शेडमध्ये तो बसवला गेला, आणि अर्धं काम माझ्या देखरेखीखाली झालं. म्हणून क्रमाने सांगते.

सुरुवात वन्संपासून. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, आजोबांची आक्का. त्यांचं सासर महाळुंगे पडवळ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दम्याचा त्रास, पण चैत्रात राजुरीची यात्रा आली की त्यांना माहेरी यायचंच असतं. आपल्याकडे माहेरवाशिणीला न्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. वन्संच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून, अगदी लहान असल्यापासून, आजोबाच त्यांचे मुराळी. आधी बैलगाडी, मग एसटी, मग ही गाडी. पण एसी बसवायच्या आदल्या वर्षी निम्म्या वाटेत उन्हाने वन्संचा श्वास कोंडला. त्यांना सावलीत निजवलं, पाणी मारलं आणि परत सासरी पोचवलं. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, बिनएसीच्या गाडीत, उन्हातून पुन्हा नाही.

मी फोन स्पीकरवर ठेवून म्हटलं, “वन्सं, एसीची भाड्याची गाडी पाठवते.”

“भाड्याच्या गाडीत बसून माहेराला यायला मी काय पावणी हाय, वयनी? भाऊ न्यायला आला तर येईन, न्हाईतर न्हाई. आता किती यात्रा ऱ्हायल्यात माझ्या?”

शेवटच्या वाक्यानंतर आजोबा उठून शेडमध्ये गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले. गाडी विकून नवी घ्या, असं तुमच्या बाबांचं म्हणणं होतं. आजोबांचं उत्तर ठरलेलं: इंजिनात खोट नाही, मग गाडीत कशाला काढता? या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

पुण्याहून एसीचा पूर्ण संच मागवला. त्यासोबत इंग्रजीतली चाळीस पानी पुस्तिका आली. ती मी दोनदा वाचली, पेन्सिलने खुणा केल्या आणि कामांची यादी करून शेडच्या खांबाला लावली. कारागीर पिंपरी पेंढारचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे; हा दूध डेअरीतली थंड टाकी आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. हात फार चांगला, वाचनाची मात्र सवय नाही.

पहिल्या दिवशी त्याने इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर बसवला आणि त्याला फिरवणारा पट्टा चढवला. दुसऱ्या दिवशी रेडिएटरपुढे कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळीदार पाटी. मग डॅशबोर्डखाली हा काळा डबा. मी यादीवर एकेक खूण करत होते. तिसऱ्या दिवशी गॅस भरायच्या आधी आमची जुंपली. गॅसआधी नळ्यांतली सगळी हवा पंपाने ओढून काढावी लागते. पुस्तिकेत लिहिलं होतं, पंप अर्धा तास चालवा, मग बंद करून आणखी अर्धा तास दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

“बाई, मी धा मिनिटं पंप मारतो. आजवर कुनाची तक्रार न्हाई.”

“आजवर कोणी अर्धा तास थांबलं नसेल,” मी म्हटलं आणि स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून बॉनेटशेजारी ठेवलं.

तो आजोबांकडे वळला. “भाऊ, सांगा की राव!”

“मला काय सांगतो? चाळीस वर्षं माझी भाकरी बी घड्याळावर हाय.”

पंप बंद केल्यावर विसाव्या मिनिटाला काटा हलला. अगदी थोडा, पण म्हणजे हवा कुठून तरी आत शिरत होती. त्याने नळ्यांत हवा भरून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि मागच्या एका जोडाचं रबरी कडं चिरलेलं निघालं. ते बदलून, पुन्हा पंप मारून अर्धा तास मोजला. काटा जागचा हलला नाही. गॅस भरून त्याने बटण दाबलं, तेव्हा आजोबांनी झडपेसमोर तळहात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. “लई गार हाय,” एवढंच म्हणाले. कारागिराने जाताना माझी यादी खांबावरून काढून घेतली. म्हणाला, पुढच्या गिऱ्हाइकाला लागंल.

इथपर्यंत मी बरोबर होते. आता माझी चूक सांगते.

ते कांदाकाढणीचे दिवस. शेडमध्ये कांद्याचे पापुद्रे वाऱ्यावर उडत होते आणि त्या नव्याकोऱ्या कंडेन्सरला चिकटत होते. आजोबांना ते बघवेना. त्यांनी ढोबळी मिरचीच्या रोपांवरची उरलेली हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची दाट जाळी, मापाने कापली आणि गाडीच्या तोंडाला बांधायचं ठरवलं. आपल्याकडे जपायच्या प्रत्येक गोष्टीवर शेडनेट येते: रोपांवर, अंगणातल्या टाकीवर, कोंबड्यांवर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कडा विस्कटतील म्हणून मी मशीनवर चारही बाजूंनी दुहेरी शिलाई मारून दिली. फार नीट दिसत होती.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही निघालो. नारायणगाव ओलांडेपर्यंत गाडीत छान गारवा होता. मग वारा कोमट झाला, मग गरम. पाठोपाठ इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. आजोबांनी गाडी चिंचेखाली घेतली. बॉनेट उघडलं, वाफ आली. त्यांचा चेहरा मी पाहिला. आदल्या वर्षी वन्संना निजवलं होतं, तशाच एका झाडाखाली आम्ही उभे होतो. तिकडे त्या सकाळपासून लुगडं बदलून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. दोनदा फोन येऊन गेला होता.

मी कारागिराला फोन लावला. क्रमाने सगळं सांगितलं: आधी वारा गरम झाला, नंतर काटा चढला.

“बाई, म्होरं काय लावलंय का?”

“धुळीसाठी एक जाळी लावली आहे.”

“कसली जाळी?”

“शेडनेट.”

पलीकडून हसणं ऐकू आलं. “अवो बाई, तुमी गाडीला घोंगडं पांघरलं! मेंढरूबी उनात घोंगडं घिऊन पळायचं न्हाई. गाडीला म्होरनं वारा लागतो. काढा ते आदी!”

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं, कंडेन्सरसमोर काहीही लावू नये. मी त्याखाली पेन्सिलने रेघही ओढली होती. शेडनेट मात्र मला ‘काहीही’ वाटलीच नव्हती. आजोबांनी डिकीतली छाटणीची कात्री दिली आणि मी माझीच दुहेरी शिलाई कापून काढली. इंजिन गार व्हायला पाऊण तास गेला. दोष दोघांचा सारखा होता, म्हणून कोणी कोणाला बोल लावला नाही. मग पाणी भरलं, गाडी सुरू केली, आणि काटा मधोमध येऊन तिथेच राहिला.

वन्सं ओट्यावरच होत्या. “अरं पोरा, किती उशीर?” असं शहात्तर वर्षांच्या भावाला म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे, त्यांच्या श्वासाकडे कान लावून. पहिली दहा मिनिटं मी घड्याळ पाहत होते. मग त्यांनी पदर गळ्याभोवती घेतला. “वयनी, थंडी वाजती गं,” म्हणाल्या, तेव्हा मी घड्याळ पाहणं सोडलं. त्या चिंचेपुढून गेलो, तेव्हा वन्सं झोपल्या होत्या.

राजुरीची शीव आली तशा जाग्या झाल्या.

“काच खाली घे.”

“आक्का, गार वारा जाईल सगळा.”

“जाऊ दे की. आता घरच आलं. गावात शिरताना लोकांस्नी दिसाया नगं, कोन आलंय ते?”

आजोबांनी काच खाली घेतली. पाराजवळ बसलेल्या बायकांपैकी एक ओरडली, “आत्या आली गं!” वन्संनी हात बाहेर काढला. “भावानं आणली!” त्यांनी असं तीन ठिकाणी सांगितलं.

एसी चालूच होता, गार वारा रस्त्यावर जात होता. घरात रिकाम्या खोलीतला पंखाही मी फिरू देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मी बटण बंद करायला सांगितलं नाही. माझ्या बाजूची काचही खाली घेतली.