गॅलरीतला इलेक्ट्रॉन

काळाचौकीच्या चाळीत सुरुची परब म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चुकीचं बोलणाऱ्याला ती सोडत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या सख्ख्या आत्यालाही तिने एकदा वाफ आणि धूर यांतला फरक ऐकवला होता. ते असो.

यंदा गणपतीच्या देखाव्यात मंडळाने तिला एक कोपरा दिला. विषय तिचाच: पाणी जादाचा इलेक्ट्रॉन कसा धरून ठेवतं. पाण्याच्या एकट्या रेणूला तो धरवतच नाही. दोघांनी धरला तरी निसटता. पण पाच-सहा रेणू एकमेकांना धरून बसले, की त्यांतला एखादा आपले दोन्ही हायड्रोजन बाहेर वळवतो आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यासमोर, घोळक्याच्या बाहेरच्या अंगाला टिकतो. तिने लाल-पांढरे चेंडू जोडून सहा रेणू केले आणि बाहेर इलेक्ट्रॉन म्हणून निळा दिवा टांगला.

सकाळी येऊन बघते तर दिवा मधोमध. वर मखर, भोवती रेणू आरतीला उभे राहिल्यासारखे.

कुणी हलवला हे विचारावंच लागलं नाही. मंडळाचा अध्यक्ष हितेंद्र, तिच्याच मजल्यावरचा, लहानपणी तिच्याशी गोट्या हरलेला, शाबासकीची वाट बघत उभाच होता. पाहुणा दारात ताटकळलेला बरा दिसत नाही, म्हणून त्याने आत घेतला म्हणे.

सुरुचीचं डोकंच फिरलं. उद्या शाळेची मुलं येणार आणि खोटं शिकून जाणार. भर मंडपात तिने त्याला झापलं. पाणी भरपूर असलं तर इलेक्ट्रॉन आत पोकळी करून राहतोही, पण सहा जणांत जागा कुठली? हितेंद्रही हट्टी. बाहेर ठेवलेला तो आपला कसा, एवढंच त्याचं पालुपद.

शेवटी ती म्हणाली, "तुझे आबा कोकणातून आले, तेव्हा गावकीच्या खोलीत कुठे झोपायचे रे?"

"गॅलरीत."

"मग ते खोलीतले नव्हते?"

गाववाल्यांनी मिळून घेतलेली ती खोली. आत पाय पसरायला जागा नसे, म्हणून आबांची वळकटी गॅलरीत. पण ताट आतल्या पंगतीत. हितेंद्रने स्टूल ओढलं आणि दिवा स्वतःच्या हाताने बाहेर टांगला.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. दिवा जागेवर होता. फक्त त्याला झेंडूचा भलामोठा हार घातलेला, दोन्ही हायड्रोजन पार झाकून.

"हितेंद्र," सुरुचीने कात्री उचलली, "इकडे ये जरा."