टॅक्सवाल्या रूपरावांच्या बायकोचं रिटर्न

पुलगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रूपरावांचं टॅक्सचं ऑफिस आहे. यंदा मी माझं रिटर्न स्वतःच भरतो म्हणणारा कोणी मास्तर किंवा दुकानदार तिथं डोकावला, की रूपराव त्याला आधी पाणी देत आणि मग घाबरवत. आपली दाढ आपणच उपटायची नसते, हे त्यांचं आवडतं वाक्य. एक आकडा चुकीच्या रकान्यात पडला की नोटीस आलीच समजा, असं ते इतक्या कळवळ्यानं सांगत की आलेला माणूस कागद तिथंच ठेवून जाई.

त्यांची बायको जयवंताबाई नाचणगावच्या शाळेत शिक्षिका. सगळ्या गावाची रिटर्नं वेळेवर जात, तिचं तेवढं राहून जाई. घरचंच तं आहे, भरू केव्हाही! गेल्या वर्षी सांगून सांगून तिची जीभ दमली, तरी रूपराव विसरले ते विसरलेच आणि दंड बसला. जयवंताबाई भांडल्या नाहीत. हे लक्षण काही बरं नव्हतं, पण तेवढं नवऱ्यांना कळत असतं तर काय हवं होतं.

यंदा शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी रूपरावांना आठवण झाली. स्वतःवरच खूश होत त्यांनी तिचं खातं उघडलं, तर रिटर्न केव्हाच भरलेलं. तेही बिनचूक. बिनचूक म्हणजे भरणारा जाणकार, आणि त्यांच्या हिशेबी पुलगावात त्यांच्याखेरीज जाणकार एकच, समोरचा राकेश. त्यांच्याच हाताखाली शिकून त्यानं त्यांच्याच पुढ्यात दुकान थाटलं होतं. टॅक्सवाल्याची बायको समोरच्याकडे जाते हे गावाला कळलं, तर शटर ओढून घरी बसायचीच पाळी.

अब्रू वाचवायला ते रस्ता ओलांडून गेले. ज्या दुकानाकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, तिथं खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच्या पैशानं चहा मागवला. मग म्हणाले, आमच्या घरच्यांचं काम केलंस, चांगलं केलंस, पण चारचौघांत बोलू नको. त्यांनी हे कुजबुजत सांगितलं खरं, पण रूपरावांची कुजबुज नळावर ऐकू जाते. दुकानातल्या बाकावर बसलेले व्यापारी चहा फुंकायचे थांबले. राकेशच्या कपाळावर आधी आठ्या पडल्या, मग हळूहळू चेहरा उजळला.

"काकाजी, तुमी काई काळजी करू नका," तो म्हणाला.

रात्री जेवताना रूपरावांनी विचारलं, राकेशनं फी किती घेतली.

"कोणत्या राकेशनं? माह्यं मीच भरलं. मधल्या सुटीत, मोबाईलवर."

रूपरावांना हायसं वाटलं, पण घास गिळेपर्यंतच. बायको राकेशकडे गेली हे एक वेळ परवडलं. डबा खाता खाता रिटर्न भरून होतं हे लोकांना कळलं, तर राकेशचंही दुकान उठायचं!

"कोणी इचारलं तं राकेशकडूनच भरलं म्हनजो," ते हळूच म्हणाले.

जयवंताबाईंचा वाढता हात थांबला.

"काऊन? मी तं शाळेत सगळ्यायले तुमचंच नाव सांगतलं. म्हटलं, यंदा आमच्या यायनं सगळ्यायच्या आंधी माह्यंच भरलं."

रूपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावरच्या त्या व्यापाऱ्यांपैकी दोघांच्या बायका त्याच शाळेत शिकवत होत्या.