चार बाजार आणि दोन दिवस

गेल्या महिन्यात एका सकाळी कोंबड्यांच्या कालव्याने मला जाग आली आणि मी नेहमीप्रमाणे दस्तगीरच्या नावाने बोटे मोडत उठलो. ऊन अंगणात आले तरी त्याचे खुराडे उघडले नव्हते. आत पंधरा कोंबड्या आणि सात बदके एकमेकांच्या उरावर बसून ओरडत होती, आणि बाहेर त्याचा तो म्हातारा राजहंस माझ्या कुंपणाशी येऊन मान लांब करून मलाच जाब विचारत होता. दरबारच्या शाळेत तीस वर्षे मुले हाकून निवृत्त झालेल्या माणसाने आता सकाळी उठून शेजाऱ्याची खुराडी उघडावीत, अशी त्या पाखराची अपेक्षा असावी. मी तावातावाने शेराच्या झुडपांच्या कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेलो. दोन शब्द चांगले ऐकवायचे, असे ठरवूनच गेलो. मागच्या दारात दस्तगीरच्या पत्नी हुसेनभाभी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मास्तर, कोंबड्या तेवढ्या सोडा. पहाटं गेले ते..."

मी कोंबड्या सोडल्या. ऐकवायचे ते दोन शब्द राहून गेले.

दस्तगीर पिंजारी आपल्या शहरातल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. खांद्यावर पिंजण टाकून, तिची तार वाजवत तो गल्लीबोळांतून फिरे, आणि दिवाळी संपून थंडी सुरू झाली की बायका त्याची वाट बघत. काम अगदी चोख. मात्र त्याने भरलेल्या गादीतून केव्हातरी कोंबडीचे एखादे पीस निघायचेच, कारण कापूस वाळवायचा तो घरामागच्या परड्यात, आणि परड्यावर राज्य पाखरांचे. कुणी तक्रार केली तर म्हणे, "त्येचं दाम न्हाय घेत मी, पावणं. पीस फुकट हाय." असल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, हे कळायला मला दहा वर्षे लागली, आणि कळल्यावरही मी पुढे वीस वर्षे भांडतच राहिलो.

त्याच्याकडे पाखरे होती त्याहून जास्त त्याचे नियम होते. अंड्यांवर बसायला आलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती विषमच, नऊ नाहीतर अकरा. ठेवायची आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर. आणि दिवस मोजायचे नाहीत, बाजार मोजायचे. कोंबडीला तीन बाजार, बदकाला चार बाजार, राजहंसाला चार बाजार आणि दोन दिवस. हे हिशेब चुकत नसत, हे मला नाइलाजाने कबूल केले पाहिजे. मी त्याला भिंतीवर खडूने रेघा ओढायला शिकवले, पंचांग दाखवले, तारखा समजावल्या. तो सगळे ऐकून घेई आणि म्हणे, "मास्तर, तुमची तारीख कागदावर ऱ्हाती. बाजार कसा, कानाला ऐकू येतो की."

मग प्लेग आला. महाराजांना गादीवर येऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. गाव रिकामा करायचा हुकूम झाला आणि आमची अख्खी गल्ली माळावर झोपड्या घालून राहिली. लोकांनी भांडीकुंडी नेली, धान्य नेले. दस्तगीरने बदकाच्या अंड्यांवर बसलेली कोंबडी टोपलीसकट डोक्यावरून नेली आणि माझ्या झोपडीला लागून झोपडी घातली. आता माळावर बाजार कुठला? गावातला बाजारही बंद. म्हणजे दस्तगीरच्या लेखी काळच थांबला. मी रोज सांगायचो, अरे, महिना उलटून गेला, ती अंडी कधीच खराब झाली. त्याचे उत्तर एकच : "तिसरा बाजार अजून झाल्याला न्हाय." ती बिचारी कोंबडी वाळून काडी झाली तरी उठेना, आणि हा तिला उठवेना. शेवटी एके दुपारी त्यातले एक अंडे फुटले.

तो वास ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. त्या दिवसांत वास म्हटला की लोकांच्या मनात एकच गोष्ट येई. कुणीतरी जाऊन वर्दी दिली की पिंजाऱ्याने झोपडीत मयत लपवले आहे. तपासनीस आले, शिपाई आले, आणि भाभींच्या अंगात त्या दिवशी नेमकी कसली तरी कणकण होती, म्हणून त्यांना वेगळ्या छपरात न्यायची भाषा सुरू झाली. तिकडे गेलेले फारसे कुणी परत येत नसत. दस्तगीर मधोमध उभा राहून त्यांना बाजाराचा हिशेब समजावत होता. मी त्याला मागे ढकलले, टोपी नीट केली आणि शाळेतल्या आवाजात त्या साहेबांना सांगितले की आत फक्त एक मूर्ख, त्याची बायको आणि नऊ कुजकी अंडी आहेत. टोपली उघडून दाखवली. साहेब नाकाला रुमाल लावून चार पावले मागे सरले आणि भाभी वाचल्या. संध्याकाळी मी दस्तगीरवर इतका ओरडलो की माझा घसा बसला. तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "पर मास्तर, कोंबडीचं कायबी चुकलं न्हाय की." 

राजहंसांचे प्रकरण त्यानंतरचे. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर गाद्या भरायला गेला आणि तिथल्या खानसाम्याशी सूत जुळवून राजहंसांची जोडी घेऊन आला. मी शाळेत मुलांना हंसाचा नीरक्षीरविवेक शिकवणारा माणूस. मोठ्या कौतुकाने बघायला गेलो, तर त्यातल्या नराने माझ्या पोटरीचा चावा घेतला. पाणी आणि दूध वेगळे करण्याचे राहू द्या, माझी मेथी आणि रानातले गवत यांतला फरकसुद्धा त्यांना कळत नसे. दोन हंगाम माझ्या परड्यात कोथिंबिरीची काडी उरली नाही. माझी पत्नी हसायची. तिचे आणि दस्तगीरचे चांगले जमे. मेथी गेली की तो तिला बदकाची अंडी आणून देई, आणि ती त्याला भाकरी. म्हणजे नुकसान माझे, आणि समेट त्या दोघांचा.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर मी तालमीच्या कट्ट्यावर जाणे सोडले, देवळात जाणे सोडले, आणि खरे सांगायचे तर दार उघडणेही कमीच केले. धाकटा भाऊ कागलहून येऊन चार दिवस राही आणि समजूत घालून जाई. दस्तगीरने समजूत कधीच घातली नाही. तो रोज सकाळी येई, उंबऱ्यावर बसे आणि कोंबड्यांविषयी बोले. कुठली खुडूक बसली, कुठली चोरून पलीकडच्या गंजीत अंडी घालते, कुठल्या बदकाचा पाय लचकला. तासभर. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असलो तरी त्याचे चालूच. एकदा माझा ताबा सुटला. मी म्हणालो, "दस्तगीर, माझं घर बसलं आणि तू मला कोंबडीची कर्मकहाणी सांगतोस? पुन्हा या उंबऱ्यावर येऊ नकोस." तो उठला, धोतर झटकले आणि गेला. आणि या माणसाने, ज्याने आयुष्यभर माझे एक अक्षर ऐकले नाही, नेमके तेवढे ऐकले. चार महिने तो आला नाही. मीही गेलो नाही. कुंपणापलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा. कापूस पिंजणाऱ्यांना असतो तसला तो खोकला, दिवसेंदिवस लांबत गेला. मी ऐकत बसायचो आणि उठायचो नाही. याची मला आता लाज वाटते.

मग त्याने बोलावणे पाठवले. भाभी फटीतून हाक मारून म्हणाल्या, तुम्हाला बोलावतायत, याच म्हणालेत. मी गेलो. अंथरुणावर त्याची नुसती हाडे उरली होती. मला वाटले, माणूस निघाला आहे, आता काहीतरी बोलेल. झाले गेले विसरा म्हणेल, नाहीतर मीच म्हणेन. मी मनाशी वाक्यसुद्धा जुळवले होते. त्याने दम खाल्ला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट केले. "मास्तर, राजहंसाची मादी कुत्र्यानं नेली. तिची पाच अंडी कोंबडीखाली घातल्यात. एक बाजार झालाय." मी म्हणालो, बरं. "कोंबडीला ती अंडी वळत न्हाईत, लई मोठी हाईत. हातानं फिरवाय लागत्यात. दिसातनं तीन डाव. कोळशाची खूण वर आली की पुढल्या येळंला खाली." मी पुन्हा बरं म्हणालो आणि वाट बघत राहिलो. तो खोकला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "शेवटच्या बाजाराला कोमट पाणी शिपडा. कवच मऊ पडाय पायजे. तुमी येतो म्हणा." मी येतो म्हणालो. एवढेच. तीस वर्षांच्या शेजाराचा शेवट "पाणी शिपडा, येतो म्हणा" एवढ्यावर झाला, कारण त्यानंतर तो बोलण्याच्या अवस्थेत राहिलाच नाही. चार दिवस मी गेलो, अंडी फिरवली आणि परत आलो. पाचव्या दिवशी कोंबड्या ओरडल्या, आणि तो अंथरुणाला खिळला आहे हे झोपेत विसरून मी तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या नावाने बोटे मोडत उठलो.

त्याला माती देऊन आम्ही दुपारी परतलो. माझ्या लक्षात आले की मधली वेळ टळून गेली आहे. आंघोळीलाही न थांबता मी तसाच मागल्या बाजूने परड्यात गेलो. टोपली आता पडवीत आणून ठेवली होती. कोंबडीने हाताला चोच मारली. पाच अंडी, एकेक करून खूण खाली. मी मनात म्हणालो, दस्तगीर, तुझ्यापायी आज मी हेही केले. पुढे रोज तीन वेळा हाच क्रम. भाभी इद्दतीला, नवऱ्यामागे घरातच राहून काढायच्या मुदतीला, बसलेल्या, दाराआड. कधी आतून त्यांची चाहूल लागे, कधी नाही. माझी समजूत अशी की बाई दाराआड असणार, घरातल्या पोरींना हे जमायचे नाही, परड्यात कोण येणार, म्हणून याने काम माझ्या गळ्यात बांधले. ठीक आहे. शब्द दिला आहे, पाळला पाहिजे. त्याच्या राजहंसांपैकी तो चावरा नर तेवढा उरला होता. ही पाच अंडी फुकट गेली असती तर ते घराणे तिथेच संपले असते, आणि मी दिलेल्या शब्दाला काही किंमत उरली नसती. रात्री झोपेतून दचकून उठायचो, की संध्याकाळी फिरवली का नाही. मी, ज्याला त्या पाखरांचा मनस्वी तिटकारा.

दुसरा बाजार गेला, तिसरा गेला. माझ्या घरात पंचांग आहे, भिंतीवर घड्याळ आहे, आणि मी कान लावून बाजाराचा गलका ऐकत होतो. एक अंडे हलके लागू लागले, ते भाभींनी आतून सांगितल्यावर बाजूला काढले. चौथ्या बाजारापासून कोमट पाणी शिंपडायला लागलो. चौथा बाजार होऊन एक दिवस गेला, काही नाही. दुसरा गेला, संध्याकाळ झाली, काही नाही. मी टोपलीपाशी उकिडवा बसून दस्तगीरला मोठ्याने बोलत होतो, की तुझा हिशेब शेवटी असाच निघाला, प्लेगात काय आणि आता काय. तेवढ्यात अंड्याला कान लावायची बुद्धी झाली. आत टकटक चालू होती. रात्री दोन पिले निघाली, पहाटे तिसरे. चौथे अंडे फुटलेच नाही. ती पिवळी ओली पिले मला बघून इतका आरडाओरडा करू लागली की मला हसू आले आणि मग रडूही आले. पत्नी गेल्यावर मी रडलो नव्हतो. ते सगळे त्या पडवीत निघाले.

जरा वेळाने मी तोंड पुसले आणि दाराकडे बघून म्हणालो, "भाभी, तीन निघाली. माझं काम झालं. आता चारापाणी तुमच्या पोरी बघतील. तुमच्या इद्दतीमुळं परड्यात कोण येणार, म्हणून त्यानं मला सांगितलं असेल..."

 आतून भाभी म्हणाल्या, "परडं माझंच हाय की, मास्तर. माझ्या परड्यात यायला मला कोण अडवतंय? तीस वरसं अंडी मीच फिरवतीया. त्येंच्या हाताला कापसाची लव बसल्याली, अंडं निसटायचं."

"मग मला कशाला सांगितलं?"

"मीबी तेच इचारलं. म्हणाले, मी गेलो की मास्तर दार लावून बसंल. उंबऱ्यावर येऊ नको म्हणालाय त्यो, त्येला हिकडं आणाय पायजे."

मला संताप आला. खोटे कशाला सांगू? सरळ सांगता येत नव्हते का? मी तसे बोललोही, जरा चढ्या आवाजात. भाभी शांतपणे म्हणाल्या, "सरळ सांगितलं असतं तर आला असता व्हय तुमी?"

मी तडक घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवायला अंडी नव्हती. मी अंथरुणावर पडून राहिलो. दार लावलेले होते. त्याने लावलेली ही युक्ती आपण ओळखली आहे, आता त्यात फसायचे नाही, असे मी स्वतःला चांगले तासभर बजावले. मग मनात आले की पिलांना पाणी ठेवायचे ते उथळ ताटलीत, खोल भांडे ठेवले तर ती बुडतात, आणि हे त्या पोरींना कुणी सांगितले आहे की नाही कोण जाणे. तेवढे सांगून लगेच परतायचे म्हणून मी उठलो आणि कुंपण ओलांडले. भाभींचे दार नेहमीसारखे लोटलेले होते. पाणी उथळ ताटलीतच ठेवले होते. आणि पडवीत, टोपलीपासून हातभर अंतरावर, कुणीतरी मला बसायला घोंगडे अंथरून ठेवले होते.