हातावरचं माकूल

पन्नास सालच्या आसपास कोल्हापूरच्या मासळीबाजारात एक कोळीण बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गगनबावड्याकडून मासळीची गाडी आली, की टोपलीतलं पहिलं माकूल, म्हणजे तो नळीसारखा मऊ, बिनकाट्याचा समुद्री जीव, ती बोटांपासून हातावर लांब ठेवून मापायची. ते हातातल्या काकणांच्या अलीकडे राहिलं, तर हसायची.

एकदा माकूल पार कोपरापर्यंत पोचलं. मी खादाड, खूश होऊन म्हणालो, "हेच द्या, मावशी!"

"घ्या की. पर पावणं, माकूल मोठं झालं की खोल पाण्यात जातंय. त्याच्या मागनं तिकडं घाटाखाली आमचं मालक. होडी ल्हान हाय."

बोलता बोलता ती हातातली काकणं चाचपत होती.

पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हा टोपलीत काय आहे ते पाहिलंच नाही. आधी तिचे हात पाहिले.